लोहाराच्या पोराशी उशिरा जमलेली मैत्री

काही कादंबऱ्यांची पहिली पन्नास पानं म्हणजे घाटच असतो. चढ संपता संपत नाही, पात्रांची नावं लक्षात राहत नाहीत, आणि लेखकाला नेमकं कुठं जायचं आहे याचा पत्ता लागत नाही. तरी आपण वाचत राहतो, कारण कुणा जाणत्यानं सांगितलेलं असतं की साठाव्या पानापर्यंत धीर धरा. नाटकाच्या पहिल्या अंकाला आपण अशीच सवलत देतो. ख्यालातल्या विलंबिताला तर देतोच देतो. संगणकावरच्या खेळाला मात्र ती द्यावी, असं सहसा कुणाच्या मनात येत नाही. बटण दाबलं की मजा सुरू व्हायला हवी, नाही झाली तर दुसरा खेळ लावावा. आज ज्या खेळाबद्दल लिहितो आहे, त्यानं माझ्याकडून विलंबिताइतका वेळ घेतला. त्याचे दोष आजही मला तोंडपाठ आहेत, आणि तरीही गेल्या पावसाळ्यातल्या कितीतरी संध्याकाळी मी आनंदानं त्याच्या हवाली केल्या.

खेळाचं नाव 'किंगडम कम: डिलिव्हरन्स'. प्राग शहरातल्या वॉरहॉर्स स्टुडिओनं तो १३ फेब्रुवारी २०१८ रोजी बाजारात आणला. या जातीच्या खेळांना 'रोल प्लेइंग गेम' म्हणतात. ज्यांनी ते पाहिले नसतील त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. अर्धी लिहिलेली भूमिका हाती यावी आणि उरलेली आपण रंगमंचावरच उभी करावी, तसा हा प्रकार. पात्र ठरलेलं असतं, गोष्टीचा कणाही ठरलेला असतो. पण कुठल्या वाटेनं जायचं, कुणाशी गोड बोलायचं, कुणाशी भांडायचं आणि कुठली विद्या आधी शिकायची, हे खेळणाऱ्यानं ठरवायचं. पात्र हळूहळू शहाणं होत जातं. आमच्या सूनबाईंना या खेळांचा नाद आहे. शनिवारी रात्री घर निजलं की त्यांचा डाव सुरू होतो. "बाबा, तुम्हाला जादू आणि राक्षस नको असतात ना? मग हा घ्या. यात एकही ड्रॅगन नाही," असं म्हणून त्यांनी माझ्या हाती कंट्रोलर दिला.

ड्रॅगन नाही हे खरंच. आहे तो इतिहास. गोष्ट घडते १४०३ साली, बोहेमियात, म्हणजे आजच्या चेक प्रजासत्ताकात. या देशाशी आपली ओळख अगदीच नाही असं नाही. आपल्या पायातला 'बाटा' हे तिथल्याच झ्लिन गावच्या कुटुंबाचं आडनाव, आणि 'रोबोट' हा शब्द कारेल चापेक या चेक लेखकाच्या १९२० सालच्या नाटकातून जगभर गेला; त्याचं मूळ वेठबिगारीला असलेल्या चेक शब्दात आहे. आपल्याकडे दख्खनवर फिरोजशाह बहामनी राज्य करत होता, त्या काळातली ही गोष्ट. प्रागमध्ये विद्यापीठ काढणारा सम्राट चौथा चार्ल्स १३७८ साली वारला. गादीवर आलेला मुलगा वेन्सेस्लास ऐदी निघाला. त्याचा सावत्र भाऊ, हंगेरीचा राजा सिगिस्मंड, यानं त्याला १४०२ साली कैदेत टाकलं आणि बोहेमियात आपलं सैन्य घुसवलं. भाऊबंदकी आपल्याला समजावून सांगावी लागत नाही.

या धामधुमीत आपण कोण? तर स्कालित्स नावाच्या, चांदीच्या खाणींच्या गावातल्या लोहाराचा मुलगा, हेन्री. खेळ सुरू होतो तेव्हा साहेब उशिरापर्यंत लोळत पडलेले असतात आणि आई हाका मारत असते. बाप गावच्या सरदारासाठी तलवार घडवतो आहे. तो मुलाला कामं सांगतो: कोळसा आण, तलवारीच्या मुठीचा आडवा भाग गढीवरून घेऊन ये, गुत्त्यातून गार बिअर आण, आणि त्या कुनेशकडे आपली उधारी थकली आहे, तेवढी वसूल कर.

हे वाचून मला हसूच फुटलं. सारी उमेद बँकेत गेली, त्यातली बरीच वर्षं थकीत कर्जांच्या फायली घेऊन लोकांच्या ओसरीवर बसण्यात गेली. आणि निवृत्तीनंतर युरोपच्या मध्ययुगात शिरावं, तर पहिलंच काम वसुलीचं! कुनेशनं कुऱ्हाड, हातोडा आणि खिळे नेलेत, पैसे दिलेले नाहीत, आणि मागायला गेलं तर तो अंगावर येतो. हेन्रीला ना धड बोलता येतं, ना धड मारामारी करता येते. माझ्या हेन्रीनं सपाटून मार खाल्ला. थकबाकीदाराचा असा अनुभव मला नोकरीत कधी आला नव्हता.

इथवर करमणूक होती. पुढं मात्र घाट लागला. सिगिस्मंडचं सैन्य गावावर चालून येतं. हेन्रीच्या डोळ्यांदेखत आईबाप मारले जातात, गाव जळतं, आणि तो घोड्यावर बसून पळतो. आईबापांना मूठमाती द्यायला परत येतो, तर तिथं लुटारू त्याला अर्धमेला करून बापानं घडवलेली तलवारच हिसकावून नेतात. एवढं सगळं घडतं आणि त्यात आपल्याला करता येण्यासारखं फारच थोडं असतं. मधूनमधून लांबलचक चित्रपट दाखवल्यासारखी दृश्यं येतात. ती संपली की आपण पुन्हा तेच: तलवार हवेत फिरवणारा, दोन पावलं धावला की दम लागणारा, कुणीही टपली मारून जावा असा पोरगा. पहिले सहा-सात तास मला कंटाळा आला, आणि तो रास्तच होता. खेळणाऱ्याला इतका वेळ नुसतं हतबल ठेवायचं असेल, तर निदान ते आटोपशीर तरी करावं.

त्यात भर 'सेव्ह' करण्याच्या नियमाची. इतर खेळांत कुठंही थांबून आपली प्रगती जपून ठेवता येते. इथं त्यासाठी एक खास मद्य प्यावं लागतं, नाहीतर आपल्या हक्काच्या बिछान्यात झोपावं लागतं. ते मद्य महाग. घरी गाळायचं, तर वाइन, रानातला पाला आणि आपल्या होमिओपॅथीच्या डब्यातून ओळखीचं असलेलं बेलाडोना गोळा करा, आणि वाळूच्या घड्याळावर नजर ठेवत उकळत बसा. फार प्यायलात तर हेन्री झिंगतो. जेवणाची हाक आली, दारावर कुरिअरवाला आला, म्हणून खेळ बंद केला तर तासाभराची कमाई पाण्यात! जपून ठेवून बाहेर पडण्याची सोय पुढच्या एका दुरुस्तीत दिली गेली. ती पहिल्या दिवसापासून हवी होती, हे माझं मत कायम आहे.

दोषांची यादी इथं संपत नाही. खेळ आला त्याच दिवशी त्याला वीस जीबीहून मोठी दुरुस्ती जोडावी लागली, यावरून काय ते समजावं. घोडा गुडघाभर कुंपणापाशी अडकून बसतो. बोलता बोलता समोरचा माणूस भिंतीत शिरतो. कुलूप उघडण्याची कसरत तर अशी, की कंट्रोलरवर खेळणाऱ्यांनी ओरड केली आणि कंपनीला ती सोपी करावी लागली. माझ्या साठी उलटलेल्या बोटांना सोपी केलेलीही जमत नाही. हेन्रीच्या हातून चोऱ्या फारशा झाल्या नाहीत, याचं श्रेय माझ्या संस्कारांना नसून माझ्या अंगठ्यांना आहे.

मग एवढ्या उण्या मालाला लोकांनी जवळ का केलं? याचा एक धागा त्याच्या जन्मकथेत सापडतो. स्टुडिओ २०११ साली सुरू झाला. जादू नाही, राक्षस नाहीत, नायक म्हणजे एक अडाणी पोरगा. असा खेळ विकला जाईल यावर मोठ्या प्रकाशकांचा विश्वास बसेना. तेव्हा २०१४ साली त्यांनी किकस्टार्टरच्या मार्गानं थेट लोकांकडं हात पसरले. मागणी होती तीन लाख पौंडांची. पस्तीस हजारांहून जास्त लोकांनी मिळून अकरा लाखांहून अधिक पौंड दिले. कर्ज-प्रस्ताव तपासण्यात हयात घालवलेल्या माणसाला यात मौज वाटते. तारण नाही, परतफेडीचा तक्ता नाही. फक्त 'आम्हाला असं काहीतरी हवं आहे' एवढा लोकांचा शब्द. त्या शब्दाखातर त्यांनी आपल्या कुवतीपेक्षा मोठं घर बांधायला घेतलं. खिडक्या तिरक्या बसल्या, पण घर उभं राहिलं.

मला त्या घरात आत घेतलं ते मात्र एका अगदी साध्या गोष्टीनं. हेन्रीला वाचता येत नाही.

खेळात पुस्तकं पुष्कळ आहेत. औषधांच्या कृती, कथा, शस्त्रविद्येचे धडे. पहिलं पुस्तक उघडलं तेव्हा मला वाटलं, ही आणखी एक बिघाडाची जागा. अक्षरं दिसत होती, पण शब्द लागत नव्हते. सगळी उलटसुलट झालेली. मग उलगडा झाला, की बिघाड नव्हता. निरक्षर माणसाला पान जसं दिसावं तसं ते मला दाखवलं जात होतं. उझित्स नावाच्या गावात एक लेखनिक राहतो. त्याला पैसे द्यायचे आणि त्याच्यापाशी बसून शिकायचं. शिकवणी झाली तरी लगेच सगळं वाचता येत नाही. काही शब्द जुळतात, काही विस्कटलेलेच राहतात. बाकावर बसून पुस्तकं चाळत राहावं, तसतशी एकेक ओळ सरळ होत जाते.

माझं थांबणं तिथं घडलं. मराठवाड्यातल्या एका तालुक्याच्या गावी, शाखेच्या काउंटरवर कायम शाईचा पॅड असायचा. पुरुषांचा डावा अंगठा, बायकांचा उजवा. पासबुकावर फोटो, कारण सही नाही. १९९० च्या आगेमागे गावोगाव साक्षरतेचे वर्ग सुरू झाले होते. एके दिवशी एक मावशी आल्या. वय साठीच्या आतबाहेर. मी सवयीनं पॅड पुढं केला तर म्हणाल्या, "साहेब, आता अंगठा नको. सही करते." नमुन्याची सही बदलण्याचा कागद काढून दिला. त्यांनी पेन मुठीत धरल्यासारखा धरला आणि आपलं नाव लिहायला घेतलं. बाजाराचा दिवस, मागं ही रांग. चार-पाच मिनिटं तरी लागली असतील. एकेक अक्षर काढून झालं की त्या थांबून त्याच्याकडं बघत. रांगेतलं कुणी चकार शब्द बोललं नाही. शेवटचा काना ओढून झाल्यावर त्यांनी तो कागद माझ्याकडं दिला नाही. आधी मागं वळून रांगेला दाखवला.

कादंबरीत मी हा प्रसंग लिहिला असता तर 'सहा महिन्यांत ती अक्षर ओळखू लागली' एवढ्या वाक्यात ते सहा महिने संपवले असते. लेखक म्हणून मला ती सोय आहे. या खेळानं ती सोय काढून घेतली. पानावरची अक्षरं माझ्याच डोळ्यांपुढं विस्कटली होती आणि माझ्याच वेळातून ती जुळत गेली. काउंटरच्या अलीकडं बसून मी शेकडो अंगठे घेतले. पलीकडच्या माणसाला तो छापील कागद कसा दिसत असेल, हे अंदाजानं माहीत होतं. डोळ्यांनी पहिल्यांदा पाहिलं ते इथं.

त्यानंतर सुरुवातीचा तो कंटाळवाणा काळही निराळा दिसू लागला. रताय गावात कॅप्टन बर्नार्ड तलवार शिकवतो. त्याच्याकडून लाकडी तलवारीचे इतके फटके खाल्ले, की एक दिवस मी त्याचा वार अडवला तेव्हा सूनबाई आतल्या खोलीतून बाहेर आल्या, काय झालं म्हणून. धनुष्य हाती घेतलं तर नेम धरायला पडद्यावर ठिपकासुद्धा नाही. हात सरावला की बाण लागतो, नाहीतर नाही. अंगावर रक्ताचे डाग घेऊन बाजारात गेलं तर लोक बिचकतात, मळक्या कपड्यांत गेलं तर धड उत्तर देत नाहीत. हमामखान्यात जाऊन न्हाऊन, कपडे धुऊन गेलं की तेच लोक अदबीनं बोलतात. गावकरी पहाटे उठतात, शेतावर जातात, संध्याकाळी गुत्त्यात बसतात. पहिल्या दिवशी कुत्रंही न विचारणाऱ्या हेन्रीला पुढं लोक नावानं हाक मारू लागतात, तेव्हा तो मान फुकटात मिळालेला नसतो. कुनेशच्या हातचा मार तो विसरलेला नसतो, आणि आपणही.

बँकवाल्याची आणखी एक हौस या खेळानं पुरवली. लुटारूंच्या छावणीत खोटी नाणी सापडतात आणि त्यांचा माग काढायचं काम हेन्रीवर येतं. त्या मुलखाचं चलन म्हणजे प्रागचा ग्रोशेन, चांदीचं नाणं. कुटना होरा इथल्या टाकसाळीत ते १३०० सालापासून पाडलं जाई. धातू कुठून येतो, साचा कोरणारा कारागीर कोण, पैसा कुणाच्या हातात जातो, असं एकेक दार ठोठावत जावं लागतं. तलवार तिथं फारशी कामाची नाही. चौकशी, धीर आणि समोरच्याचा चेहरा वाचणं, यावर सगळी भिस्त. नोटांच्या गड्डीतली एक खोटी नोट बोटांना कळायची ते दिवस आठवले.

माणसंही हळूहळू उलगडतात. उझित्सचा फादर गॉडविन कबुलीजबाबातलं गुपित फोडायला तयार नसतो. त्याच्याबरोबर एक रात्र पिण्यात जाते आणि सकाळी, गुरुजी शुद्धीवर नसल्यानं, प्रवचनाला हेन्रीलाच उभं राहावं लागतं! त्या हास्यगोंधळात प्रागच्या यान हुस या उपदेशकाच्या मतांची चर्चा येते. धर्मसत्तेच्या भ्रष्टाचाराविरुद्ध बोलणाऱ्या या माणसाला पुढं ६ जुलै १४१५ रोजी कॉन्स्टन्स इथं जिवंत जाळण्यात आलं. हेन्रीला हे ठाऊक नाही, आपल्याला आहे. त्यामुळं हसता हसता जरा गप्प व्हायला होतं.

सासावच्या मठाचा भाग तर अनेकांना खेळातला सर्वांत रटाळ वाटतो. एका फरारी माणसाच्या शोधात हेन्री तिथं नवशिका साधू म्हणून शिरतो. आपले कपडे, शस्त्रं बाहेर ठेवायची. घंटेबरोबर उठायचं, प्रार्थना, जेवण, ग्रंथालय, औषधं घोटणं, झोप. नियम मोडला की कोठडी. मला तो भाग आवडला. हा मठ कल्पनेतला नाही. साझावा नदीकाठी तो आजही आहे. खेळात तिथल्या चर्चचं बांधकाम चालू दिसतं, पराती बांधलेल्या आहेत, दगड वर चढतो आहे. प्रत्यक्षात पुढच्या काही वर्षांत हुसाइट युद्धं पेटली आणि ते काम थांबलं ते थांबलंच. चर्च अजूनही अपुरं उभं आहे.

खुद्द खेळही काही बाबतींत अपुराच आहे. बायकांना त्यात फार थोडं स्थान आहे, ही सूनबाईंची तक्रार मला पटते. २०१९ साली आलेल्या एका पुरवणीत जखमी हेन्रीची शुश्रूषा करणाऱ्या थेरेसाची भूमिका आपल्याला करता येते, आणि स्कालित्स जळालं तो दिवस तिच्या बाजूनं पाहता येतो. ते चांगलं जमलं आहे, पण ते मूळ गोष्टीतच असायला हवं होतं. शेवटही असा, की मुख्य हिशेब चुकता होत नाही. बापाची तलवार परत मिळत नाही. त्यासाठी फेब्रुवारी २०२५ मध्ये आलेल्या दुसऱ्या भागाकडं वळावं लागतं. खातं बंद न करता पुढच्या वर्षावर शिल्लक ओढण्याचा हा प्रकार मला रुचला नाही.

एक सूचना केलीच पाहिजे. हा खेळ मुलांसाठी नाही. युरोपात त्याला अठरा वर्षांवरील वयाचा दर्जा आहे आणि तो योग्य आहे. त्यात हिंसा आहे, शिवराळ भाषा आहे, आणि इतरही मोठ्यांचेच विषय आहेत.

तरीही, दोषांचा जमाखर्च मांडून झाल्यावर जमेच्या बाजूला काय उरतं? उरतो तो प्रामाणिकपणा. हा खेळ अडाण्याला अडाणी म्हणतो, आणि शहाणपण उसनं देत नाही. चकचकीत, कुठंही न अडखळणारे खेळ सूनबाईंनी मला नंतर बरेच दाखवले. त्यांतला नायक पहिल्या मिनिटालाच शूर असतो आणि शेवटच्या मिनिटालाही तेवढाच. ते संपले की लक्षात राहत नाहीत. हेन्री राहिला, कारण त्याच्या दुबळेपणाचे तास मी मोजून भरले होते. आपल्या घरातल्या एखाद्या तिरसट काकांसारखंच हे. त्यांच्या खोडी सगळ्यांना माहीत असतात, कुणी त्या नाकारत नाही, पण ते लग्नाला आले नाहीत तर मांडव सुना वाटतो.

घरात कुणी मोठं माणूस असा खेळ खेळत बसलेलं दिसलं, तर कुरकुर करण्याआधी एकदा शेजारी खुर्ची ओढून बसा. हा कोण, आणि याला काय हवं आहे, एवढे दोनच प्रश्न विचारा. उत्तर लांबलं, तर समजा गोष्ट चांगली आहे. मग चहा तिथंच मागवा.